लका आणि बावा

सातवीत होतो. दहिवडीजवळच्या आमच्या गावात विहिरीच्या काठावर मोठी पोरं बसलेली असायची. लहानांना तिथं जागा नसे. एका दुपारी मी वरून सूर मारला, पाण्यातून डोकं वर काढलं आणि त्यांच्यातला एक जण ओरडला, ‘‘भारी लका!’’ तेवढ्यानं मी त्यांच्यातला झालो.

‘लेका’ झिजून ‘लका’ झाला असावा, असं मला वाटतं. साताऱ्याकडं वडीलधाऱ्याला कुणी लका म्हणत नाही. तो शब्द बरोबरीच्याचा. नाव घेऊन हाक आली तर काहीतरी काम असतं. ‘काय लका’ म्हटलं की बहुतेक वेळा नुसती सोबत हवी असते.

पुढं सांगलीला विलिंग्डन कॉलेजात आलो. इथं लकाची जागा ‘भावा’नं आणि ‘मर्दा’नं घेतलेली. जतकडच्या पोरांच्या मराठीला कानडी हेल. माझा खोलीतला सोबती मूळचा विट्याकडचा, पण वाढलेला कोइमतूरला. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं कितीतरी घरं गलाईच्या धंद्याला लावली. सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं हे काम घेऊन ही माणसं देशभर पांगली. त्याचे वडील त्यातलेच. तमिळमध्ये भ, घ, ख असे महाप्राण उच्चार नाहीत. त्यामुळं त्याच्या तोंडी भाकरीची ‘बाकरी’ व्हायची, घराचं ‘गर’ आणि भावाचा ‘बावा’.

आम्ही त्याचे उच्चार दुरुस्त करायला लागलो. चारचौघांत हसलोही. हळूहळू तो आमच्यात बोलेनासा झाला. खोलीवर भाकरी आली तरी तिचं नाव घेईना, नुसतं बोट दाखवायचा. ते बोट मला अजून दिसतं.

त्याच काळात गेल ऑम्व्हेट यांचं भाषण ऐकलं. १९४१ साली मिनियापोलिसला जन्मलेली ही बाई सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात आली, वाळवा तालुक्यातल्या कासेगावची सून झाली आणि १९८३ साली भारताची नागरिक. मराठी अस्खलित, वळण मात्र अमेरिकेचं. समोर बसलेल्या शेतकरी बायांपैकी एकीलाही ते खटकलं नाही. त्या हेलातून त्यांना बाईनं तुडवलेली वाट ऐकू येत असावी. २५ ऑगस्ट २०२१ ला त्या कासेगावातच गेल्या.

ते भाषण ऐकलं त्या रात्री खोलीवर आल्यावर मी मित्राला म्हणालो, ‘‘चुकलं लका.’’ थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘जाऊ दे बावा.’’

तीस वर्षं झाली. तो वडिलांचं दुकान बघतो, गावच्या यात्रेला न चुकता येतो. फोन उचलला की पहिला शब्द ‘बावा’च. त्यात विट्याचं माळरान आहे, बापाची भट्टी आहे आणि कोइमतूरची गल्लीही. शुद्ध ‘भावा’त हे सगळं मावलं नसतं.

आता सुट्टीत परगावची, परदेशातली नातवंडं येतात आणि वाकड्यातिकड्या उच्चारांत मराठी बोलतात. त्यांना दुरुस्त करायची घाई करू नका. आधी ओ द्या.