पाच टेबलांचं रेस्तराँ

"पार्टी कुठं?"

प्लेसमेंटची लिस्ट ग्रुपवर पडून पंधरा मिनिटं झाली नव्हती, तोवर आमच्या रूममध्ये अकरा माणसं जमली होती. होस्टेलमध्ये एखाद्याला नोकरी लागली की त्याच्या आई-वडिलांच्या आधी त्याच्या विंगला आनंद होतो. त्यात प्रेम किती आणि भूक किती, हे ज्याने त्याने ठरवावं!

आमच्या विंगमध्ये नावं फक्त हजेरीपुरती. एरवी माणूस गावाच्या नावाने ओळखला जातो. मी 'सातारा'. माझा रूम पार्टनर 'जत'. समोरचे दोघे 'विटा' आणि 'लातूर'. तर विटा म्हणाला, "साताऱ्या, पगार चांगला हाय तुझा. पुण्याला जाऊ. फ्रेंच रेस्टॉरंट! छोटंसं असतंय, सात-आठ टेबलं, मेणबत्त्या, मंद म्युझिक. खास दिवशीच जायचं असतंय तिथं."

"पाच बाप्यांनी मेणबत्तीच्या उजेडात बसून काय करायचं?" जत म्हणाला. "लाईट गेल्यावर रोजच बसतोय की."

सगळे हसले. मी मात्र गप्प होतो. कारण अशा एका ठिकाणी मी जाऊन आलो होतो आणि तिथं जेवताना मला एक जुनी उधारी आठवली होती.

झालं असं की गेल्या दिवाळीत मी पुण्याला ताईकडे, म्हणजे मावसबहिणीकडे गेलो होतो. तिच्या लग्नाचा वाढदिवस होता. ती आणि भावजी दर वर्षी त्या दिवशी एका फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जातात. मी आयता सापडलो म्हणून मलाही नेलं. एका गल्लीतल्या जुन्या बंगल्याचा पुढचा भाग, मोजून आठ टेबलं. बाहेर पाटी एवढी लहान की रिक्षावाला दोनदा पुढं गेला.

आता आपली पद्धत काय? ताट पुढं येतं तेव्हा अख्खं जेवण एकदम समोर असतं. भाजी, आमटी, चपाती, भात, कोपऱ्यात लिंबू. आपण आपला नकाशा ठरवायचा. तिथं तसं नाही. आधी ब्रेड आणि लोणी आलं. मग कांद्याचं सूप, वर चीज वितळवलेला पावाचा तुकडा. ते संपवून मी हात पुसायला लागलो तर भावजी म्हणाले, "अरे थांब, ही सुरुवात आहे." मग 'रॅटटूई' आली. उंदराचा सिनेमा आपण सगळ्यांनी बघितलाय, त्यातलीच ही. मी फार अपेक्षेने बघितलं तर वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची! आपल्या मेसची मिक्स भाजीच, फक्त तिला कुणीतरी वेळ दिला होता. शेवटी थरथरणारं कॅरॅमलचं पुडिंग.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. एप्रन घातलेल्या मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि ताईला म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही मशरूम बाजूला काढले होते ना? म्हणून आज घातलेच नाहीत." मागची वेळ म्हणजे एक वर्षापूर्वी! ताईचा चेहरा असा फुलला की सूप, चीज सगळं एकीकडे आणि ते एक वाक्य एकीकडे.

आणि मला एकदम काकू आठवल्या. 'सातारकर, तुला शेपू चालत नाही म्हणून पिठलं ठेवलंय,' असं म्हणणाऱ्या काकू.

मग बिल आलं. बिल बघून भावजींनी डोळे मिटले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. माझ्या डोक्यात मात्र लगेच भागाकार झाला. बरोबर दोन महिन्यांची खानावळ! आणि दोन महिन्यांचेच पैसे मी काकूंचे बुडवले होते.

काकूंची खानावळ विश्रामबागच्या एका गल्लीत आहे. पाटीबिटी काही नाही. घराची पुढची खोली, पाच टेबलं, भिंतीला बालाजीचं कॅलेंडर आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. दारातच एक लांबडी वही. वहीत प्रत्येकाचं नाव आणि पुढं महिन्याच्या तारखांची घरं. जेवलास तर टिक, नाही आलास तर 'खा'. म्हणजे खाडा. आदल्या दिवशी सांगितलं असेल तर खाडा धरायचा, महिनाअखेर तेवढे पैसे वजा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी इतकं पारदर्शक अकाउंटिंग दुसरीकडं बघितलं नाही.

बुधवारी अंडाकरी, रविवारी मटण नाहीतर चिकन, सणाला पुरणपोळी आणि कटाची आमटी. कुणाचा वाढदिवस असला की त्याच्या ताटात शिऱ्याची मूद जास्तीची. कुणाची व्हायवा वाईट गेली हे काकूंना चेहऱ्यावरून कळायचं. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त चपातीवर तूप जरा जास्त पडायचं.

सेकंड इयरला सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. तीन दिवस दवाखान्यात काढले. पप्पा साताऱ्याहून पहाटेच्या गाडीने आले. प्लेटलेट्स वाढल्या, ताप उतरला, पण परीक्षा जवळ म्हणून मी घरी न जाता रूमवरच राहिलो. पप्पांचा पाय निघत नव्हता. तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या, "तुम्ही बिनघोर जावा. पोराचं मी बघती." पुढं नऊ दिवस रोज दुपारी काका सायकलवरून डबा घेऊन यायचे. मऊ भात आणि स्टीलच्या पेल्यात गरम आळणी.

मराठवाड्या-विदर्भातल्या मित्रांसाठी सांगतो, आळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. हळद, मीठ, आलं-लसूण, बस्स. तिखट नाही, मसाला नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला, पैलवानाला हेच देतात. पहिल्या दिवशी पेला धरताना माझा हात थरथरत होता. नवव्या दिवशी मी जिना उतरून खाली आलो.

पुण्याहून परत येताना रेल्वेत मोबाईलवर वाचत बसलो होतो आणि एक गोष्ट वाचून हबकलोच. 'रेस्तराँ' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ 'पुन्हा ताकद आणणारं'. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये रेस्तराँ हे जागेचं नाव नव्हतंच, ते मांस उकळून काढलेल्या रसाचं नाव होतं. अशक्त माणसांनी तो प्यायचा. हा रस जिथं मिळायचा त्या जागेलाच पुढं ते नाव पडलं. म्हणजे जगातलं पहिलं रेस्टॉरंट हे आळणीचं दुकान होतं, राव!

आणि त्याच्याही आधी फ्रान्समध्ये काय होतं? 'ताब्ल दोत', म्हणजे यजमानाचं टेबल. ठरलेली वेळ, ठरलेला दर, यजमान वाढेल ते खायचं आणि सगळ्यांनी एका टेबलाला बसायचं. ही सरळसरळ खानावळ झाली. फरक एवढाच की आपल्याकडे भाकरी.

आपल्याकडे याच्या मागंही मोठा इतिहास आहे. गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवायचे. सात वार, सात घरं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट साताऱ्याच्या प्रत्येक शाळेत सांगतात. मीही त्यावर वक्तृत्व स्पर्धेत बोललोय आणि बक्षीस घेतलंय!

आणि त्याच मी काय केलं? सप्टेंबर-ऑक्टोबरची खानावळ राहिली होती, कारण घरचे पैसे दवाखान्यात गेले होते. काकूंनी एकदाही विचारलं नाही. नोव्हेंबरचे मी भरले. परीक्षेच्या आधी पप्पांनी राहिलेल्या दोन महिन्यांचे 5,200 रुपये एकदम पाठवले. वर फोनवर बजावलं, "आधी काकूंचे दे." परीक्षा संपली, विंगचं गोव्याचं ठरलं. 'जानेवारीत देऊ की' म्हणून मी ते पैसे घेऊन गोव्याला गेलो. जानेवारीत मॅथ्सची के.टी. लागली. आता घरी पैसे कोणत्या तोंडाने मागणार? मी होस्टेलची मेस लावली आणि त्या गल्लीतून जाणं बंद केलं. झेरॉक्सला जायला लांबचा रस्ता धरला. पावणेदोन वर्षं!

तेव्हा मला वाटायचं, चाळीस पोरं जेवतात, एकाचे पैसे राहिले तर काय बिघडतंय. पण खानावळीचं गणित तसं नसतं. आपण पैसे महिनाअखेर देतो. किराणा, गॅस, मटण मात्र आधी आणावं लागतं. तेही उधारीवरच. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका अशाच सावकाराच्या व्याजात अडकायच्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे वाचलं तेव्हा कळलं की माझं गोवा काकूंच्या किराणावाल्याने फायनान्स केलं होतं.

दिवाळीनंतर थर्ड इयरभर मी 'उद्या जाऊ' म्हणत राहिलो. थोडे थोडे पैसे साठवले, पण पाय उचलत नव्हता. प्लेसमेंटची लिस्ट लागली आणि विटा 'फ्रेंच' म्हणाला, तेव्हा मी उठलो, कपाटातून पाकीट काढलं आणि एकटाच बाहेर पडलो.

दुपारचे साडेतीन वाजले होते. खानावळ रिकामी. काकू चटईवर बसून लसूण सोलत होत्या. थोड्या थकल्यासारख्या वाटल्या.

"आलास व्हय सातारकर? बस. जेवलास का?"

एवढंच. मी पाठ केलेलं भाषण घशातच राहिलं. पाकीट पुढं केलं. "काकू, दोन महिन्यांचे. 5,200 आहेत. चूक झाली."

मला वाटलं, त्या म्हणतील, राहू दे बाळ, पैशाचं काय एवढं. खरं सांगतो, मनात कुठंतरी तीच आशाही होती. पण काकूंनी लसणाचे हात पदराला पुसले, पैसे घेतले, दोनदा मोजले. मग आत जाऊन जुन्या वह्यांचा गठ्ठा आणला, त्यातली एक काढली, माझं नाव शोधलं. बोट ठेवून पुटपुटत मोजलं. आणि 780 रुपये माझ्या हातात परत ठेवले.

"हे कशाचे?"

"सप्टेंबरात नऊ खाडे हाईत तुझे."

मी वही बघितली. नऊ घरांत ओळीने 'खा'. डेंग्यूचे नऊ दिवस.

"काकू, त्या दिवसांत तर तुम्ही रोज डबा पाठवत होता!"

"ते काय जेवाण व्हतं व्हय?" काकू म्हणाल्या. "ते औषध."

मी काही बोललो नाही. बोलता आलंच नाही. फ्रेंच लोकांनी जो शब्द पुढं अख्ख्या जागेलाच देऊन टाकला, त्याचा अर्थ या बाईच्या वहीत 'खा' म्हणून लिहिलेला होता.

त्यांनी पैसे सोडून दिले असते तर मी नमस्कार करून गेलो असतो आणि परत कधी तोंड दाखवू शकलो नसतो. त्यांनी हिशोब केला, म्हणून मी त्यांच्या दारात पुन्हा ताठ उभा राहू शकलो.

तर पार्टी तिथंच झाली. पप्पा साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले. पाच टेबलांपैकी दोन जोडून आम्ही बसलो. आधी प्रत्येकाला वाटीभर आळणी, मग तांबडा रस्सा, सुकं मटण, भाकरी, शेवटी भात. लातूर माळकरी, त्याच्यासाठी अख्खा मसूर आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत. एकामागून एक पदार्थ येताना बघून विटा म्हणाला, "हे तर फ्रेंचच झालं की!" लाईट काही गेली नाही, त्यामुळे मेणबत्तीची हौस तेवढी राहिली.

निघताना काकू दारात वही घेऊन उभ्या. "उद्यापास्नं येणार हाईस का? सांगून जा. कणीक मळाय कळाय पायजे."

मी खिळ्याचं पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. नोकरीच्या ऑफर लेटरवर सही करतानाही हात एवढा जड झाला नव्हता.

ज्युनिअर मित्रांनो, पुण्या-मुंबईला नोकरीला लागाल तेव्हा फ्रेंच, इटालियन सगळीकडे जाऊन या, जरूर जा. पण आज तुम्ही ज्या कुणाच्या हातचं खाताय, तिथली बाकी आधी चुकती करा. आणि सुट्टीला घरी जाताना खाडा सांगून जात जा. कुणीतरी तुमची चपाती मोजून लाटत असतं.