दीड मिनिट संरक्षण

कोण कोणावर प्रेम करतं हे खेळाडूने जगाला सांगायची गरज नाही, असं माझं मत होतं. क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरीची बहुतेक वर्षं मी ते बाळगलं आणि कोणी विचारलं तर बोलूनही दाखवलं. परदेशातला एखादा खेळाडू आपण समलिंगी असल्याचं जाहीर करायचा, पेपरात बातमी यायची, स्टाफरूममध्ये चर्चा व्हायची आणि मी म्हणायचे, ‘खेळाडूने खेळावं. घरचं घरी ठेवावं.’ आज ते मत माझं राहिलेलं नाही. पण ते कसं गेलं हे सांगण्याआधी ते का होतं हे सांगायला हवं, कारण त्यामागची कारणं फालतू नव्हती. त्यातलं एक तर मला आजही पटतं.

यवतमाळ जिल्ह्यात मुलींचा खो-खोचा संघ उभा करायचा म्हणजे आधी बारा घरी जाऊन बसावं लागतं. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि सोयाबीनची सोंगणी बहुधा एकत्रच येतात, पाठोपाठ कापसाची वेचणी. त्या दिवसांत घरातला एक हात कमी करून मुलीला मैदानावर पाठवायचं, तेही हाफपँट घालून, बाहेरगावी मुक्कामाला. बाप ‘हो’ म्हणतो त्याला कारणं असतात. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत पोरगी लागली तर घर वर येतं. आणि निघताना तो एवढंच म्हणतो, ‘मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवून राहिलो.’

या भरवशावर माझं सगळं मैदान उभं होतं. संघात ‘तसलं काही’ आहे अशी कुजबुज गावात पोहोचली, तर एक मुलगी घरी बसणार नाही, बाराच्या बारा बसतील, हे मला ठाऊक होतं. आम्हाला काही कळत नव्हतं असंही नाही. मुलींच्या स्पर्धांना मुक्काम केलेल्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा. काही मैत्री नुसती मैत्री नसते हे दिसतं. आम्ही विचारत नव्हतो, त्या सांगत नव्हत्या. या गप्प राहण्यामुळेच मुली खेळू शकतात, असा माझा हिशेब होता.

२०१७ च्या ३० डिसेंबरला यवतमाळमधल्याच एका हॉटेलात दोन पुरुषांचं लग्न लागलं. एक मूळचा यवतमाळचा, अमेरिकेत स्थायिक झालेला, दुसरा व्हिएतनामचा. जानेवारीत बातम्या आल्या तेव्हा शहरात दुसरा विषय नव्हता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा लागू होतं; सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. मला त्या लग्नाचा राग आला नव्हता. मी एवढंच म्हटलं की ज्याच्याकडे परतीचं तिकीट आहे त्याला हे परवडतं. ज्या मुलीला उद्या सकाळी याच गावच्या नळावर पाणी भरायचं आहे, तिने बोलू नये यातच तिचं भलं आहे.

दुती चंदच्या बातमीने मला पहिल्यांदा विचारात पाडलं. मे २०१९ मध्ये ओडिशाच्या या धावपटूने आपलं एका मुलीशी नातं असल्याचं सांगितलं. विणकराच्या घरातली, खेडेगावातली पोर. तिच्याकडे कुठलं परतीचं तिकीट? पण माझं लक्ष तिने दिलेल्या कारणाकडे गेलं. घरातलीच व्यक्ती पैशांसाठी आपल्याला धमकावते आहे, म्हणून आपण स्वतःच सांगून टाकतो आहोत, असं ती म्हणाली. माझ्या हिशेबात गप्प राहणं हे मुलीचं रक्षण होतं. इथे तर ते धमकी देणाऱ्याचं भांडवल झालं होतं. आणि बोलल्यावर तिचं खेळणं संपलं का? त्याच वर्षी जुलैत इटलीतल्या नापोलीला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ११.३२ सेकंदांत. पुढे २०२३ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात तिच्यावर चार वर्षांची बंदी आली, हेही खरं. त्या प्रकरणाचा तिच्या नात्याशी संबंध नाही, पण तिला देवी करून ठेवायचीही माझी इच्छा नाही.

तरी मी स्वतःला समजावलं की दुती एकटी धावते. ११.३२ म्हणजे ११.३२. त्या आकड्यासमोर निवड समितीतला कितीही नाक मुरडणारा माणूस गप्प बसतो. खो-खोत, कबड्डीत तसं नसतं. तिथे चार माणसं खोलीत बसून बारा नावं काढतात, आणि ‘हिच्यापेक्षा ती बरी’ एवढं म्हणायला पुरावा लागत नाही. म्हणजे सांघिक खेळात तरी गप्प राहिलेलंच बरं, असा मी निष्कर्ष काढला. तर्क सरळ होता, पण त्यात एक भोक होतं आणि ते मला एका निवड चाचणीनंतर दिसलं.

चाचणीत एका मुलीने दोन्ही डावांत दीड-दीड मिनिट संरक्षण केलं होतं. खांबाजवळ ती वळायची तेव्हा पाठलाग करणारीचा हात हवेत राहायचा. नावं काढताना कोणीतरी म्हणालं, ‘हिच्याबद्दल जरा वेगळंच ऐकलं आहे. बाहेरगावी न्यायचं, उगाच जोखीम कशाला?’ खोलीतल्या कोणीच तिची वेळ विचारली नाही. नाव आधी राखीवमध्ये गेलं, मग तिथूनही गेलं. पुढच्या हंगामात ती मैदानावर आली नाही. ती खरोखर तशी होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. आणि हीच गोष्ट मला टोचत राहिली. तिने कधीच काही सांगितलं नव्हतं. माझ्या हिशेबाप्रमाणे ती सुरक्षित असायला हवी होती. पण जिथे कोणीच उघड बोलू शकत नाही, तिथे अफवेला खरं असण्याची गरज पडत नाही. अफवा खोडून काढायची कशी, आणि कोणासमोर?

मग ‘घरचं घरी’ हे माझं लाडकं वाक्य मी मैदानावर ताडून पाहिलं. आमच्या संघात कोणाचं घर घरी राहतं? कोणाचा बाप पितो, कोणाच्या भावाचं जमलं, कोणाला पाहायला पाहुणे येऊन गेले, कोणाच्या मोबाइलवर कुठल्या पोराचे मेसेज येतात, हे एसटीत बसल्यापासून मुक्कामाच्या सतरंजीपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. लग्न ठरलेल्या मुलीला संघ चिडवतो, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोटो हातोहात फिरतो, मीही पाहते. संघ असा एकमेकींच्या घरात शिरल्यामुळेच बांधला जातो. घर घरी ठेवायची अट आम्ही फक्त एका प्रकारच्या मुलीला घातली होती. मग तो नियम कसला?

याच सुमारास महिला क्रिकेट आमच्याकडे नीट पोहोचलं. २३ जुलै २०१७ चा लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना अजून दुखतो, आपण नऊ धावांनी हरलो. त्या दिवशी इंग्लंडच्या नॅट सिव्हरने ५१ केल्या आणि कॅथरीन ब्रंटने ३४. पुढे या दोघींनी एकमेकींशी लग्न केलं, मे २०२२ मध्ये, आणि दोघी सिव्हर-ब्रंट झाल्या. २६ मार्च २०२३ ला मुंबईत ब्रेबॉर्नवर पहिल्या महिला प्रीमियर लीगचा (डब्ल्यूपीएल) अंतिम सामना झाला. मुंबई इंडियन्सला जिंकून दिलं ते नॅटच्या नाबाद ६० धावांनी. समोर दिल्लीकडून मारिझान काप खेळत होती, जिने आपल्याच देशाची तेव्हाची कर्णधार डेन व्हॅन निकर्क हिच्याशी २०१८ मध्ये लग्न केलं आहे.

हा सामना मी आमच्या काही मुलींबरोबर पाहिला. एकीने मध्येच विचारलं, ‘मॅडम, हिची बायको पण खेळते ना?’ दुसरी फिसकन हसली. तिसरी तिच्यावर खेकसली, ‘काहून हसून राहिली? चेंडू पाय ना.’ आणि तिघी पुन्हा धावसंख्येत गुंतल्या. ज्या प्रश्नाने गाव पेटेल असं मी मानत आले होते, तो एका षटकाच्या आत विझला. मुली मुंबईच्या बाजूच्या होत्या, त्यांना नॅट टिकायला हवी होती. बाकी सगळं त्यानंतरचं.

व्हॅन निकर्कचं त्याच वर्षी जे झालं ते मला त्याहून मोलाचं वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक तिच्याच देशात, दक्षिण आफ्रिकेत होता. दोन किलोमीटर धावण्याची चाचणी साडेनऊ मिनिटांत पूर्ण करायची होती, ती १८ सेकंदांनी मागे पडली. कर्णधार संघाबाहेर आणि बायको संघात. तो निर्णय कडक होता, त्यावर वादही झाला. पण वाद चाचणीवर झाला, लग्नावर नाही. तिला बाहेर काढणारं कारण सगळ्यांसमोर मोजलेलं होतं. आमच्या मुलीच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं.

पुरुषांच्या खेळात असं उघड बोलणं अजून फार जड आहे, आणि मुलांना शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचं मैदान पाहिलं की त्याचं कारण कळतं. मुलगी खेळायला लागली की ती ‘पोरासारखी’ आहे हा शेरा तिला पहिल्या दिवशीच मिळतो. ती तो पचवूनच पुढे येते. मुलगा खेळतो तो मर्दपणाचं प्रमाणपत्र मिळवायला. चुकला की ‘बांगड्या भर’ ठरलेलं. तिथे कोण काय बोलणार? इंग्लंडचा फुटबॉलपटू जस्टिन फशानू १९९० मध्ये बोलला. सख्ख्या भावाने जाहीरपणे त्याची साथ सोडली. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस २०११ मध्ये बोलला, पण कर्णधार आणि प्रशिक्षकाला आधी सांगून, संघ पाठीशी आहे हे पाहून. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात ३२ संघांचे आठशेहून अधिक फुटबॉलपटू होते. उघडपणे समलिंगी म्हणून ओळखला जाणारा त्यांत एकही नव्हता. आपल्या पुरुष संघांतून, क्रिकेट घ्या की कबड्डी, असं कोणी बोलल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मत बदललं, मग करायचं काय? मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्याबद्दल वाचलं तेव्हा धीर आला. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुलींच्या प्रकरणात निकाल देण्याआधी, आपल्यालाच हा विषय पुरता समजलेला नाही असं म्हणून ते मानसशास्त्रज्ञासमोर शिकायला बसले, आणि जून २०२१ च्या आदेशात हे त्यांनी लपवलं नाही. न्यायाधीश शिकू शकतो तर पीटीच्या मॅडमला काय अडचण?

मी मोठं काही केलेलं नाही. ‘बायकांसारखं’ हा शब्द मुलांच्या सरांनी माझ्या मैदानावर वापरला की मी खेळ थांबवते. लग्नाचे प्रश्न सरावाच्या वेळी विचारत नाही. मुक्कामाच्या खोल्या आता संशयावरून वाटत नाही, नावाच्या क्रमाने वाटते. आणि एक वही ठेवली आहे. वर्तमानपत्रात खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे जे छापतात, ‘१.५० मि. संरक्षण व ४ गडी’, तेच प्रत्येक मुलीच्या नावापुढे प्रत्येक सामन्याला लिहिते. निवडीच्या बैठकीत ती वही टेबलावर उघडी ठेवते. दुतीकडे घड्याळ होतं, माझ्या मुलींकडे वही आहे. एका वर्षी ती चालली. दुसऱ्या वर्षी एकाने ती बाजूला सारून म्हटलं, ‘मॅडम, सगळं काही आकड्यांत नसतं.’ सगळं नसतं हे मलाही मान्य आहे. पण जे आकड्यांत नाही ते मोठ्याने बोलून दाखवा, एवढं मी आता त्या खोलीत म्हणू शकते.

सुरुवातीला जे आजही पटतं म्हणाले ते हे: मी कोणत्याही मुलीला ‘सांगून टाक’ असं म्हणत नाही. नॅट, मारिझान, डेव्हिस, सगळ्यांच्या पायाखाली करार होता, पगार होता, पाठीशी संघ होता. आमच्या मुलीच्या पायाखाली बापाचा शब्द असतो आणि तो एका रात्रीत फिरू शकतो. परतीच्या तिकिटाबद्दल मी चुकीचं बोलले नव्हते. फक्त त्यावरून मी मुलीने काय करू नये हे ठरवत होते, आणि आपण काय करायचं हा प्रश्न मला पडतच नव्हता. बोलायचं की नाही हे तिचं. ती बोलली किंवा कोणी तिच्याबद्दल बोललं, तरी तिची जागा जाणार नाही हे पाहणं माझं.

माझे एक सहकारी अजून म्हणतात, ‘ठीक आहे मॅडम, पण उद्या एखादीने खरंच सगळ्यांसमोर सांगितलं तर काय कराल?’ तिला पहिल्या नऊ जणींत घेईन, असं मी त्यांना सांगते. मात्र वहीत तिचं संरक्षण दीड मिनिटाचं हवं. नसेल तर बाकावर बसेल, इतर कोणीही बसते तशी.