प्लिमथचे बंदर आणि एका शिडाची निवड

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ बंदरातून सन १९६० च्या जूनमध्ये, एकट्याने नाव हाकीत अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत निघाली. तीत निवृत्त सेनाधिकारी हॅस्लर यांची ‘जेस्टर’ नाव होती. लांबी अवघी २५ फूट, आणि एकुलत्या डोलकाठीवर चक्क चिनी धाटणीचे शीड!

मुख्य शीड निवडताना बहुतेक लोक वेगच पाहतात. परंतु मध्यरात्री तुफान उठले असता निसरड्या फळ्यांवर उभे राहून शीड आवरणे म्हणजे प्राणाशी गाठ. कोकणच्या मचव्यावर निदान चार खलाशी हाताशी असतात. एकट्याने काय करावे? जेस्टरच्या शिडास आडव्या पट्ट्या होत्या. दोर सैल सोडताच एकेक घडी आपोआप खाली बसे, आणि हे सारे हॅस्लर आतूनच, झरोक्यात उभे राहून करीत.

समोरच्या वाऱ्यात असले शीड काहीसे मागे पडते, हे खरे. तरीही सहलीच्या नावेस मी तेच पसंत करीन. जवळजवळ ४० फुटी नाव घेऊन निघालेले चिचेस्टर ४० दिवसांत न्यूयॉर्कास पोहोचले. चिमुकली जेस्टर ४८ दिवसांत, पाच नावांत दुसरी.