वेळ ओळखणारं जनुक

किस-वन या जनुकाला घाई ठाऊक नाही. व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या आसपासच्या रानात पांढऱ्या पायांचा उंदीर राहतो. वजन जेमतेम वीस ग्रॅम, आयुष्य बहुतेकदा वर्षभराचंही नाही. एवढ्याशा आयुष्यात वयात कधी यायचं आणि पिल्लं कधी घालायची, हे चुकलं की वंशच बुडायचा. ऐन थंडीत व्यालेल्या मादीची पिल्लं गारठून जातात. वसंताची वाट पाहत राहिलेला नर त्याआधीच घुबडाच्या तोंडी पडतो. अशा कारभारात किस-वनच्या शब्दाला मोठं वजन आहे.

ते सापडलं मात्र भलत्याच कामात. १९९६ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या हर्शी गावी कर्करोग शरीरभर कसा पसरतो याचा शोध चालू होता. गावच्या चॉकलेटवरून त्याचं नाव पडलं. खरा स्वभाव कळला २००३ मध्ये. त्याचा निरोप घेणारा ग्राही बिघडला, तर माणूस वयात येत नाही आणि उंदीरही येत नाही!

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, त्याच्या दोन बैठका आहेत. घरातल्या जाणत्या आजीसारखं ते तिथून चौफेर कानोसा घेतं. अंगात चरबी किती साठली, हे लेप्टिन सांगतं. रात्र किती लांबली, हे मेलाटोनिनवरून उमगतं. बीजकोशाकडून इस्ट्रोजेन आलं, की एक बैठक गप्प होते आणि दुसरी बोलू लागते. एकाच मेंदूत, एकाच संप्रेरकाला एकाच जनुकाने दिलेली ही दोन उलटी उत्तरं मला त्याच्या स्वभावातली सगळ्यात लोभस गोष्ट वाटते. मादीचं ऋतुचक्र चालतं ते याच जोरावर.

थंडीचे लहान दिवस आले, की हॅमस्टरमध्ये किस-वन मंदावतं आणि नराची वृषणं आक्रसतात. अशा नरांना शास्त्रज्ञांनी दिवस लहानच ठेवून किसपेप्टिन, म्हणजे या जनुकापासून बनणारं रसायन, देत ठेवलं. वृषणं पुन्हा कामाला लागली. बाहेर हिवाळा, आत वसंत.

पण सगळे उंदीर हिवाळ्याला मानतात असंही नाही. विल्यम अँड मेरी कॉलेजात पॉल हाइडमन यांनी विल्यम्सबर्गच्याच रानउंदरांचे दोन वंश वाढवले. एकातले बहुतेक उंदीर लहान दिवसांत प्रजनन थांबवतात, दुसऱ्यातले थांबवत नाहीत. फरक आनुवंशिक आहे, आणि दोन्ही वाण एकाच रानातले. हिवाळा सौम्य गेला की न थांबणाऱ्यांची चांदी. कडक पडला की थांबणारेच तरतात. निसर्गाने दोघांनाही सांभाळलं, यात त्याचं शहाणपण दिसतं.

प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा काळा उंदीर मात्र मेलाटोनिन नीट बनवतच नाही. त्याला वर्षभर तयार दाणा आणि ऊब मिळते. रात्र लांबल्याचा निरोप त्याच्या किस-वनपर्यंत पोचणार कसा? या जनुकाविषयी आपल्याला जे कळलं त्यातलं बरंचसं असल्या उंदरांकडून कळलं आहे. त्याची खरी परीक्षा रानात होते. आपल्याकडचे शेतातले उंदीर पाऊस आणि पीक बघून वाढतात. जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या उंदरांच्या मेंदूतलं किस-वन जरूर अभ्यासाला घ्यावं.