मृत रक्कम

मैदानी खेळांशी आमचा संबंध प्रेक्षक म्हणूनही बेताचाच. तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधील वेतनमर्यादेविषयी आम्ही काही लिहावे, हे आमच्या परिचितांना विचित्र वाटेल याची कल्पना आहे. (ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो त्यास फुटबॉल का म्हणावे, हा वाद तूर्त बाजूला ठेवू.) परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गला बहिणीकडे दोन महिने राहण्याचा योग आला आणि भाच्याच्या नादाने आम्ही या विषयात असे गुंतलो, की बरोबर नेलेली समीक्षेची पुस्तके बॅगेतून बाहेर निघालीच नाहीत.

भाचा तिथल्या 'स्टीलर्स' संघाचा भक्त. पण सामन्यांहून त्याला संघाच्या हिशेबात अधिक रस. त्याच्या संगणकावर एक भलामोठा तक्ता होता. डावीकडे खेळाडूंची नावे, वर येणारी वर्षे आणि प्रत्येक चौकटीत एक रक्कम. प्रथमदर्शनी आम्हांला तो आमच्या विभागाच्या कार्यभाराच्या तक्त्यासारखा दिसला. तसे आम्ही बोलूनही दाखवले आणि दोघेही हसलो.

एन.एफ.एल. या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. खेळाडूंवर एका वर्षात किती खर्च हिशेबी धरता येईल, यास १९९४ पासून सर्वांना सारखीच कमाल मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ साली २५ कोटी ५४ लाख. एखाद्या धनाढ्य मालकाने सगळे उत्तम खेळाडू पदरी बाळगू नयेत, हे तिचे सांगितले जाणारे कारण. एकंदर मजुरी आटोक्यात राहावी, हे कमी सांगितले जाणारे. संघ बदलण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंनी न्यायालयात झगडून मिळवले आणि १९९३ च्या तडजोडीत त्या स्वातंत्र्याबरोबर ही मर्यादाही पत्करली.

खरी मौज आहे ती मोजण्याच्या रीतीत. करारावर सही करताना खेळाडूस जी ठोक रक्कम मिळते, ती रोख आजच दिली तरी हिशेबात ती कराराच्या वर्षांवर, फार तर पाच वर्षांवर, समान हप्त्यांत पसरता येते. पाच कोटी दिले, तर दरसाल एक कोटी धरायचे. या वर्षी जागा अपुरी पडली, तर चालू वेतनाचेच अशा ठोक रकमेत रूपांतर करून भार पुढे ढकलायचा. पुढे ढकलायला वर्षे उरली नसतील, तर करारात नवी वर्षे लिहायची, जी उजाडण्यापूर्वीच रद्द होणार हे दोन्ही पक्षांना सही करतानाच ठाऊक असते. साहित्याच्या अभ्यासकाला यात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांचा रोकडा नमुना सापडावा. वृत्तपत्रात छापून येणारा आकडा हा वाच्यार्थ. त्यातले हमीचे किती, हे ज्याला वाचता आले त्यालाच करार कळला.

आता असा खेळाडू दोन वर्षांत काढून टाकला तर? उरलेले तीन कोटी नाहीसे होत नाहीत. ते सगळे त्याच वर्षाच्या हिशेबावर कोसळतात. १ जूननंतरची मोकळीक म्हणून नोंद केली, तर दोन वर्षांत विभागून. माणूस गेला, पैसे तर केव्हाच गेले, पण मर्यादेतली त्याची जागा अडलेलीच. याला तिकडे 'डेड मनी' म्हणतात. आम्ही त्यास मृत रक्कम म्हणू लागलो. भाच्याला हा शब्द इतका आवडला, की तक्त्यातल्या त्या रकान्यावर त्याने आमच्या हस्ताक्षरातली देवनागरी अक्षरे चिकटवली.

याचे ठळक उदाहरण त्या वर्षी स्टीलर्समध्येच होते. रसेल विल्सन या नामांकित क्वार्टरबॅकशी डेन्व्हरच्या संघाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाच वर्षांचा, सुमारे साडेचोवीस कोटी डॉलरचा वाढीव करार केला. ही पाच वर्षे २०२४ पासून मोजायची होती. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे त्यातला एकही सामना खेळला जाण्यापूर्वी, त्यांनी त्यास मोकळे केले. हिशेबात साडेआठ कोटींची मृत रक्कम उरली. पाच कोटी ३० लाखांच्या आसपास २०२४ मध्ये, बाकीची २०२५ मध्ये. विल्सन पिट्सबर्गला आला तो अनुभवी खेळाडूच्या किमान वेतनावर, १२ लाख १० हजार डॉलरवर. त्या वर्षीच्या त्याच्या हमीच्या ३ कोटी ९० लाखांतून एवढे वजा जाता उरलेले सगळे डेन्व्हरने द्यायचे. म्हणजे माणूस एका गावात खेळणार आणि त्याचा पगार दुसरे गाव देणार! आमच्याकडच्या प्रतिनियुक्तीतही इतका गोंधळ आम्ही पाहिलेला नाही.

ऑगस्टमध्ये भाचा आम्हांला लॅट्रोब या लहानशा गावी घेऊन गेला. तिथे बेनेडिक्टाइन संन्याशांनी स्थापलेले सेंट व्हिन्सेंट महाविद्यालय आहे आणि कित्येक दशके स्टीलर्सचे सरावशिबिर त्याच्या आवारात भरत आले आहे. खेळाडू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहतात. उतारावर बसून आम्ही सराव पाहत होतो. सारे मैदान माणसांनी भरलेले. एकाच क्रमांकाचे दोन-दोन सदरे दिसत होते.

"मामा, आत्ता ९० जण आहेत," भाचा म्हणाला, "महिनाअखेरीस ५३ उरतील. आणि उन्हाळ्यात मोजतात ते फक्त वरचे ५१ करार. बाकीच्यांचा पगार बेरजेत धरतच नाहीत."

"मग खालच्यांची मृत रक्कम?"

"शून्य किंवा किरकोळ. म्हणून तर त्यांना काढणं सोपं."

कोणाला ठेवायचे हे प्रशिक्षक खेळ पाहूनच ठरवत असणार, यात शंका नाही. परंतु दोन खेळाडू जवळपास सारखेच असले, तर ज्याचे देणे फार, तो राहतो. ज्याला आधीच पुष्कळ दिले आहे, त्याला काढणे महाग. ज्याला काही दिलेच नाही, तो गेल्याची खूणही हिशेबात उरत नाही. काढण्याची पद्धतही भाच्याने सांगितली. संघाचा एक कर्मचारी सकाळी येऊन निरोप देतो, की प्रशिक्षकांनी बोलावले आहे, डावपेचांची वही घेऊन या. या कर्मचाऱ्याला खेळाडूंच्या बोलीत 'टर्क' असे नाव आहे. वही परत मागितली, की माणूस काय ते समजतो.

हे ऐकल्यानंतर समोरचा सराव आम्हांला नीट दिसेना.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही मराठी विभागाचे प्रमुख असताना एका जूनमध्ये विद्यार्थीसंख्या घटली आणि कार्यभार कमी झाला. तासिका तत्त्वावरचे तिघे होते, दोघांपुरतेच काम उरले. एक गृहस्थ संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या नात्यातले. दुसऱ्यांनी आमच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी.ची नोंदणी केलेली; त्यांना काढणे म्हणजे आमचीच चार वर्षे बुडीत घालणे. तिसऱ्या बाई तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येत. सहा वर्षे दरसाल नव्याने मुलाखत देऊन नव्याने लागत. सुटीत मानधन नाही, तक्रारही नाही. भाषाविज्ञानाचा पेपर त्यांच्याइतका नेटका विभागात कोणी शिकवत नसे, आम्हीही नाही.

आम्ही निर्णय घेतला, असे म्हणणे धाडसाचे होईल. निर्णय घ्यावाच लागला नाही, इतके ते सोपे होते. त्यांना समोर बोलावण्याचेही आम्हांला सुचले नाही. शिपायाकरवी निरोप पाठवला, की विभागाची पुस्तके तुमच्याकडे आहेत ती जमा करावीत. दुसऱ्या दिवशी पुस्तके आली. प्रत्येकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते.

पंधरा सप्टेंबरला डेन्व्हरच्या मैदानावर स्टीलर्सनी १३–६ असा विजय मिळवला. तोवर आम्ही परतलो होतो. निकाल भाच्याने कळवला. पोटरीच्या दुखापतीमुळे विल्सन खेळला नाही. डेन्व्हरच्या पैशाने डेन्व्हरच्या पराभवाकडे बाजूला उभा राहून पाहत होता. "मृत रक्कम बरी आहे," असे भाच्याने खाली लिहिले होते.

त्याच आठवड्यात आम्ही घरातले जुने कागद काढले. त्या वर्षांचे कार्यभाराचे तक्ते सापडले. पूर्णवेळ शिक्षकांची त्यात नावे आहेत. तासिका तत्त्वावरच्यांसाठी 'सी.एच.बी. १', 'सी.एच.बी. २', 'सी.एच.बी. ३' अशा नोंदी. पुढल्या वर्षाच्या तक्त्यात त्या दोनच आहेत, एक आणि दोन. बाईंचा क्रमांक कोणता होता, हे आम्हांला पुष्कळ आठवूनही सांगता आले नाही.