ताळा

स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो आणि वसतिगृहाचा व्हरांडा आठवला. रविवारची वंदना आटोपल्यावर गणिताच्या गुरुजींनी फळ्यावर एकवीस अंकी संख्या मांडली: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सदुसष्ट वेळा दोन मांडून गुणाकार करावा आणि एक वजा करावा, म्हणजे ती मिळते.

फ्रान्समधील मेर्सेन या ख्रिस्ती साधूने १६४४ मध्ये ही संख्या अविभाज्य असल्याचे लिहिले. मोठ्या विद्वानाचा शब्द. तो दोनशेहून अधिक वर्षे टिकला. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती विभाज्य असल्याचे सिद्ध केले, पण अवयव हाती लागेनात. १९०३ च्या ऑक्टोबरात अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठले. असे सांगतात की, एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर ती संख्या काढली, शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसले. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळत होती. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला.

आम्ही भारावलो. गुरुजी म्हणाले, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. करून पाहा.”

पहिल्या रविवारी आमचे उत्तर चुकले. ताळा पाहिला: दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज शेवटी एक येते, आमच्या गुणाकाराची चार आली. हातचा कुठेतरी राहिला होता. दुसऱ्या रविवारी जुळले.

आमचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाच्या वहीत जो आकडा तोच खरा, त्यावर अंगठा उमटवायचा. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही वही मागितली. वडिलांनी घाबरून आमचा हात धरला. टनांचा हिशेब आम्ही पुन्हा मांडला; उचल फिटून वर पैसे निघत होते. मुकादमाने मुकाट्याने आकडा खोडला. वडील वाटेत काही बोलले नाहीत. घरी येताच मात्र आईला म्हणाले, “पोराला शाळेतून काढायचं नाही.”

पुढे आम्ही इतिहासात एम.ए. केले. ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश वर्गात शिकवताना आम्हांला ती वही आठवते. या शाळेने आम्हांला पुष्कळ दिले. ताळा पाहण्याची सवय त्यात पहिली. नव्या विद्यार्थ्यांनी ती आमच्यावरही चालवावी.

जयभीम.