बडोद्याचं ‘ने’, बेळगावचं ‘की’

गेल्या डिसेंबरात आमच्या कॉलेजची सहल सरदार सरोवर बघायला निघाली, तेव्हा बडोदे वाट्याला आलं ते फक्त एका दिवसापुरतं. मुक्कामही शहरात नव्हता. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर वाघोडिया आहे, तिथल्या एका वसतिगृहात आमची सोय होती. सरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, “सकाळी नऊला शहरात सोडणार, संध्याकाळी सातला न्यायमंदिरापाशी हजर.”

बसमध्ये बेळगाव सोडल्यापासून दोन बाजू पडल्या होत्या. भांडण नव्हतं. गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या आणि पुढे कन्नड, मागे मराठी अशी वाटणी आपोआप झाली. मी मागे बसले. माझे बाबा शहापूरचे, आई कुंदगोळची. घरात बाबांशी मराठी आणि अव्वाशी कन्नड, असं लहानपणापासून चालत आलेलं. वाघोडियाला पोचलो त्या रात्री अव्वाचा फोन आला. “ऊटा आत?” तिनं नेहमीसारखं विचारलं. खोलीत मागच्या बाकावरच्या सगळ्या मैत्रिणी होत्या. मी म्हटलं, “हो गं, झालं जेवण.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग अव्वा मराठीत म्हणाली, “बरं, ठेवते.” ती माझ्याशी मराठीत बोलल्याचं मला यापूर्वी आठवत नाही.

सकाळी शहरात उतरलो ते हेच डोक्यात घेऊन. पहिला तास कमाटी बागेत गेला. तिचं खरं नाव सयाजी बाग, पण रिक्षावाल्याला ते सांगाल तर तो दोन सेकंद विचार करील. तिथलं संग्रहालय १८९४ सालचं, आत देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याला अर्धा दिवस हवा, म्हणून तो सोडला. लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरलो आणि मांडवीपर्यंत गर्दीनंच आम्हाला ढकलत नेलं. बांगड्या, चनिया-चोळ्या, फरसाणाचे ढीग, हॉर्न आणि त्या सगळ्यातून वाट काढणारी एक निवांत गाय. दुपारी सेव-उसळ खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वरून शेव, सोबत पाव, आणि लाल रश्शाला तिथंही ‘तरी’च म्हणतात! आपल्या मिसळीची सासरी रुळलेली बहीणच म्हणा की.

या शहराला नावंही आपल्यासारखीच अनेक. पाटीवर वडोदरा, बँकेच्या नावात बरोडा, मराठी माणसाच्या तोंडी बडोदे. तिथं अधिकृत नाव १९७४ साली बदललं, आपल्याकडे २०१४ साली. फरक एवढाच, की कोण कुठलं नाव घेतो याकडे तिथं कुणी कान लावून बसलेलं मला दिसलं नाही. एका दिवसात काय दिसणार म्हणा.

तांबेकरांचा वाडा बघायला रावपुऱ्याकडे वळलो. एकोणिसाव्या शतकातला हा दिवाणांचा वाडा, भिंतींवर कृष्णलीला आणि लढायांची चित्रं. पण मला चित्रांपेक्षा आसपासच्या गल्लीतल्या पाट्या लक्षात राहिल्या. आडनावं आपली, अक्षरं गुजराती. जणू कुणी शिरोरेघ पुसून टाकलीय. आम्ही त्या मोठ्यानं वाचत होतो, तेवढ्यात ओट्यावरच्या एका आज्जींनी विचारलं, “कुठल्या गं तुम्ही?” बेळगाव म्हटल्यावर त्या उठल्याच. “या ने, बसा. चहा मुकते.”

मुकते म्हणजे ठेवते. आमच्यातली एक फिस्सकन हसली. आज्जी म्हणाल्या, “हस ने. तुमच्याकडे ‘बसा की’ म्हणतात, ते मला हसू येतं.” सुनेशी त्या गुजरातीत बोलत, आमच्याशी मराठीत, आणि सांधा कुठं दिसत नव्हता. मैत्रिणीनं विचारलंच, “आज्जी, तुम्ही मराठी की गुजराती?”

“चहा पी ने आधी.”

मग त्यांनी सयाजीराव महाराजांचं सांगितलं. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेला बारा वर्षांचा मुलगा, त्याला मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या. त्याच मुलानं पुढे १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बोलता बोलता कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, “हिची आई कानडी आहे.” माझे कान तापले.

“कुठली?”

“कुंदगोळ,” मी पुटपुटले.

“रामभाऊंचं कुंदगोळ?” आज्जींनी कप खाली ठेवला. सवाई गंधर्वांना त्या रामभाऊ म्हणत होत्या. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ मूळ या बडोद्याच्या दरबारचे गवई. सरदार मान्यांच्या ताराबाईंबरोबर त्यांनी शहर सोडलं आणि पुढे मिरजेत राहिले. त्यांची लेक हिराबाई १९०५ साली मिरजेत जन्मली, तरी नाव लावलं बडोदेकर. आणि कुंदगोळच्या रामभाऊंकडे पुढे गंगूबाई हनगल शिकल्या, भीमसेन जोशी शिकले. आज्जी हे सारं घरातल्या गोष्टीसारखं सांगत होत्या. मला मात्र नाडगीर वाडा दिसत होता. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ तिथं गाणं होतं, आणि अव्वा लहानपणी आजोबांच्या मांडीवर झोपून ते ऐकायची. हे तिनं मला कितीदा सांगितलंय, कन्नडात. मी कधी नीट ऐकलं नव्हतं.

निघताना आज्जींनी हातात हिरव्या चिवड्याची पुडी ठेवली. “आईला दे.”

सातला सूरसागरावर दिवे लागले होते. बसमध्ये मी मागेच बसले. वाघोडियाचा रस्ता लागला तसा फोन लावला.

“अव्वा, ऊटा आत?”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “आत. निंदु?”

मी तिला आज्जींचं सगळं सांगितलं, हिराबाईंपासून चिवड्यापर्यंत. मैत्रिणी ऐकत होत्या. अव्वानं एवढंच विचारलं, त्या आज्जींच्या चहात आलं होतं का. पुढे भेंड्या चालू होत्या आणि ‘ळ’वर अडल्या होत्या.